आपला धंदा, भुसा आणि आपोआप लागणारी कळ

बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांतील आपल्या सुतार ज्ञातीचा इतिहास लिहावयाचा म्हटला, तर त्यात राजेरजवाडे फारसे आढळणार नाहीत. नांगर, कुळव, पाभर आणि मोटेचे चाक यांच्याभोवतीच तो फिरतो. बाभळीचे लाकूड वाकसाने तासावे आणि बलुत्यावर संसार चालवावा, ही रीत कित्येक पिढ्या चालली. भुसा तेव्हाही होताच. पण हातकरवतीचा भुसा जाडसर, तो पायाशी पडे व सायंकाळी चुलीस लागे.

१८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला आणि या अवर्षणाच्या टापूत ऊस आला. पुढे शेठ वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसविले. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले व नंतरच्या दशकांत गावोगाव वीज पोहोचली. विहिरींवर पंप बसले, मोटेची चाके अडगळीत गेली, आणि आपले लोक दारे, खिडक्या व फर्निचर यांकडे वळले.

यंत्राने श्रम वाचविले खरे, परंतु भुसा पिठासारखा करून टाकला. तो खाली न पडता हवेत तरंगतो व नाकावाटे आत जातो. लाकडाच्या धुळीने नाकपोकळीचा कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९९५ साली दिला आहे. धूळ जेथे निर्माण होते तेथूनच ओढून घ्यावी, हे तर १९४८ च्या कारखाना कायद्याच्या १४ व्या कलमातच सांगितले होते. पण दोन-चार माणसांच्या आपल्या कार्यशाळांना तो कायदा कोठला लागू होणार?

भुसा ओढणारे यंत्र आता काही ठिकाणी आले आहे. मात्र पाच पळांच्या कापणीसाठी दोन कळा कोण दाबणार, म्हणून ते बहुधा कोपऱ्यात स्वस्थ असते. आमच्या मते हा आळस नव्हे. हात गुंतलेल्या कारागिराची ती खरी अडचण आहे.

तिचा उपाय जुन्याच शोधात आहे. विद्युत्प्रवाहाभोवती चुंबकत्व असते हे ओर्स्टेडने १८२० साली दाखविले, व बदलत्या चुंबकत्वातून वीज निर्माण होते हे फॅरेडेने १८३१ साली सिद्ध केले. करवतीकडे जाणारी एक तार वेटोळे असलेल्या लोखंडी कड्यातून ओवली, की करवत सुरू होताच त्या वेटोळ्यात अल्प प्रवाह उपजतो. तो रिलेला जागा करतो, रिले काँटॅक्टरला, आणि काँटॅक्टर भुसायंत्रास. कड्यातून जाणारी व परतणारी अशा दोन्ही तारा एकत्र ओवल्या, तर त्यांचे चुंबकत्व परस्परांस छेदते व कळ मुळीच लागत नाही. मोटार सुरू होताना कित्येक पट प्रवाह ओढते. यास्तव भुसायंत्र दोनएक सेकंद मागाहून सुरू व्हावे, आणि नळीतील भुसा निघून जावा म्हणून करवतीनंतर काही सेकंद चालत राहावे.

तथापि ज्यांच्या करवतीस काँटॅक्टरचा स्टार्टर आहे, त्यांनी कड्याच्या खटाटोपात पडू नये. त्या स्टार्टरच्या जोडसंपर्कातून दुसऱ्या काँटॅक्टरची तार नेली की काम भागते. जाणत्या वायरमनला हे काम अर्ध्या दिवसाचे आहे. मात्र मुख्य कळ बंद केल्यावाचून पेटीस हात लावू नये.