दारापर्यंत येणारी बाई

रायपूरचं बसस्थानक पंडरीत होतं तेव्हाची गोष्ट सांगते. जगदलपूर, कोंडागाव, कांकेरकडून रात्रभर धावून आलेल्या गाड्या पहाटे इथे लागायच्या. उतरणाऱ्यांत एखादा तरी माणूस चादरीत गुंडाळलेला असायचा. बरोबर म्हातारी आई, पाठचा भाऊ, जर्मनची एक गंजी आणि तांदळाची थैली. पंडरीच्या कपडा मार्केटातली दुकानं बंद असायची. त्यांच्या पायऱ्यांवर ही मंडळी उजाडेपर्यंत टेकायची आणि पहिला रिक्षावाला दिसला की विचारायची, “मेकाहारा कोन कोती हे, भइया?” मेडिकल कॉलेजच्या आंबेडकर रुग्णालयाला आमच्याकडे सगळे मेकाहाराच म्हणतात.

आई सकाळी दूध घ्यायला खाली गेली की हमखास कुणाला तरी वर घेऊन यायची. चहा व्हायचा, रात्रीचा भात फोडणीला पडायचा. ती माणसं खाताना फार बोलत नसत. एका म्हातारीने मात्र आईला सांगितलेलं मला पक्कं आठवतं. गावात दवाखान्याची इमारत आहे, रंगही नवा आहे, पण आत कुणी बसत नाही. २०२१ मध्ये बसस्थानक भाटागावला गेलं. जिल्हा रुग्णालय पंडरीतच आहे, त्यामुळे चादरीतली माणसं अजून दिसतात, फक्त आता ती रिक्षातून येतात.

आरोग्य धोरण म्हटलं की टीव्हीवर तज्ज्ञ बोलतात. आमच्या घरात मात्र हा विषय आजीपासून सुरू होतो.

आजी नागपूरची. लग्न होऊन रायपूरच्या तात्यापाऱ्यात आली तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेल. तात्यापाऱ्यात तेव्हा मराठी घरं पुष्कळ. तरी तिला करमायचं नाही, मग नागपूरचं कुणीही भेटलं की ते माणूस तिला माहेरचंच वाटायचं. त्यात तिच्या लेखी सगळ्यांत मोठी राधाबाई. “माह्या पोराचं बाळंतपण तिनंच केलं. रात्री कंदील घेऊन आली थे,” असं आजी ठासून सांगायची. पोर म्हणजे माझे बाबा, जन्म १९२६ चा. आजोबा पानाला चुना लावता लावता म्हणायचे की ती दुसरीच कुणी सुईण होती, हिला सगळ्याच सुईणी राधाबाई वाटतात. दोघंही गेली, वाद मिटला नाही. मला आजीचं खरं मानावंसं वाटतं, एवढंच सांगते.

राधाबाई मात्र दंतकथा नाहीत. १८७५ च्या सुमाराचा त्यांचा नागपूरचा जन्म. लहानपणी लग्न, लवकरच वैधव्य. त्या काळी अशा मुलीपुढे काय वाढून ठेवलेलं असे ते वाचकांना सांगायला नको. त्या दाईचं काम शिकल्या, कामठी, रामटेककडे काम केलं आणि १९१८ मध्ये रायपूरला नगरपालिकेच्या दाई म्हणून आल्या. त्यांच्या हाताला असं यश होतं की लोकच त्यांना डॉक्टर राधाबाई म्हणू लागले. पुढे त्या गांधीजींच्या चळवळीत पडल्या, तुरुंगात गेल्या. सफाई कामगारांच्या वस्तीत जाऊन पोरांना न्हाऊ घालायच्या, झाडलोट करायच्या. १९५० मध्ये त्या वारल्या. त्यांच्या नावाचं मुलींचं सरकारी कॉलेज रायपुरात आहे.

१९१८ हे साल कसलं होतं, हेही आजोबांकडून ऐकलेलं. इन्फ्लुएन्झाची साथ. हिंदुस्थानात ज्या प्रांतांना तिने सगळ्यांत जास्त झोडपलं त्यांत मध्य प्रांत आणि वऱ्हाड होता, आणि आमचं रायपूर त्याच प्रांतात. आजोबा तेव्हा शाळकरी. खारून नदीकाठी सरण विझत नव्हतं म्हणायचे. ते त्यांनी स्वतः पाहिलं की मोठ्यांकडून ऐकलं, विचारायचं राहूनच गेलं. अशा वर्षी एक विधवा बाई परक्या गावात येते आणि रात्री-अपरात्री लोकांच्या दारात उभी राहते, याचं मोल आजीला कळलं होतं.

सरकार तेव्हा नागपूरला बसायचं. दवाखान्याला मंजुरी नागपूरहून, डॉक्टरची बदली नागपूरहून, आणि डॉक्टर व्हायचं तर रॉबर्टसन मेडिकल स्कूल तेही नागपुरात. छत्तीसगडचे मोठे पुढारी डॉ. खूबचंद बघेल तिथेच शिकले, आणि सरकारी नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. १९५६ मध्ये प्रांत फुटला, आम्ही नव्या मध्य प्रदेशात गेलो आणि राजधानी झाली भोपाळ. आजोबा नगरपालिकेत कारकून होते. त्यांना पहिली काळजी पडली ती कागदाची. नागपूर होतं त्याच्या दुप्पट लांब भोपाळ, आता औषधाची मागणी पोचायची केव्हा आणि औषध यायचं केव्हा? ते त्यांचं बोलणं मला फार उशिरा उमगलं. गावापासून राजधानी किती लांब आहे यावरही माणसाचं जगणं-मरणं ठरत असतं.

बाळंतपणाचा विषय निघालाच आहे तर सांगते. आमच्या घरी बाळंतिणीला डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर असायचीच, पण सहाव्या दिवशी, छठीला, शेजारची छत्तीसगढी काकी कांके पानी घेऊन यायची. मुळ्या, सुंठ, गूळ घालून उकळलेला तो काढा, वरून तूप. आजी आधी नाक मुरडायची म्हणे. पुढे तीच सुनांना दटावून पाजू लागली. माझ्या वेळेलाही पाजला. त्याचा तो कडसर गोड वास आजही कुठे आला तर पाठ शेकल्यासारखी वाटते.

आत्या नर्स होती, डीके हॉस्पिटलात. तरेंगाचे दाऊ कल्याण सिंह यांच्या दानातून उभा राहिलेला हा दवाखाना. मालगुजार घराण्यातल्या माणसाने पैसा दिला आणि शहराला मोठा दवाखाना मिळाला. १९६३ मध्ये मेडिकल कॉलेज निघालं, तेही बरीच वर्षं याच्याच आधाराने चाललं. आत्याची उमेदीची सगळी वर्षं त्या उंच खिडक्यांच्या वॉर्डांत गेली. १९९५ च्या सुमारास मेकाहाराची नवी इमारत झाली, रुग्ण तिकडे गेले. २००० मध्ये छत्तीसगड राज्य झालं, नव्या सरकारला बसायला जागा हवी होती, तर डीके हॉस्पिटलाचंच मंत्रालय केलं. जिथे खाटा होत्या तिथे टेबलं आली.

आत्या तेव्हा निवृत्तीला आली होती. एकदा काही कामाने तिथे गेली आणि परतल्यावर जेवली नाही. “माझ्या बायकांच्या वॉर्डात फायली ठेवल्यात गं,” एवढंच म्हणाली. पुढे मंत्रालय नव्या रायपुरात गेलं आणि २०१८ मध्ये त्या इमारतीत पुन्हा दवाखाना, आता सुपर स्पेशालिटी, सुरू झाला. ते बघायला आत्या नव्हती.

सगळंच सरकारने नाही तर दानशूरांनी केलं, असंही नाही. दल्ली राजहराच्या लोखंडाच्या खाणीतल्या मजुरांची हकीकत बाबा फार जीव लावून सांगत. १९७७ च्या जूनमध्ये तिथे गोळीबार झाला, ११ माणसं मेली. तिथल्या मजुरांची संघटना शंकर गुहा नियोगींची. तिच्या उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात गेल्या, कारण वेळेवर उपचार मिळाले नाहीत. मजुरांनी मग स्वतःच्या पैशांनी, स्वतःच्या हातांनी वीट रचून दवाखाना बांधला. १९८३ मध्ये सुरू झालेलं ते शहीद हॉस्पिटल आजही चालू आहे. बाबांचा एक मित्र तिकडे नोकरीला होता, त्याने एक दिवस रजा टाकून विटा वाहिल्या, असं बाबा म्हणत. दिवस एक की दोन, हे दर वेळी बदलायचं.

अशा माणसांच्या धडपडीतून या मातीत एक समज तयार झाली होती, आणि तिचा उपयोग २००२ मध्ये झाला. राज्याने मितानिन कार्यक्रम काढला. आमच्याकडे भोजली, महाप्रसाद अशा जिवाभावाच्या मैत्र्या बदतात, म्हणजे देवाच्या साक्षीने जोडतात, तेच नातं धरून हे नाव, मितानिन म्हणजे तशी मैत्रीण. प्रत्येक पाऱ्याने, म्हणजे वस्तीने, आपली बाई निवडायची. लिहिता-वाचता येत नसलं तरी चालेल, पण पाऱ्याचा तिच्यावर भरवसा हवा. तिला शिकवायचं, औषधांची पेटी द्यायची. अशा साठ हजार बायका उभ्या राहिल्या. २००५ मध्ये देशभर ‘आशा’ आली ती बरीचशी हिचाच अनुभव बघून. आमच्या मामेबहिणीच्या सासरी, बलौदाबाजारकडे, एका मितानिनने श्वास कोंडलेलं तान्हं छातीशी धरून बैलगाडीतून रात्री केंद्रात नेलं होतं. ते पोरगं आता कॉलेजात आहे.

मग कार्डं आली. २००८ नंतर स्मार्ट कार्ड, कुटुंबाला तीस हजारांपर्यंत उपचार. चांगलीच गोष्ट होती. पण आमच्या घरी धुणंभांडी करणारी दीदी एक दिवस रडत आली. पोट दुखतं म्हणून एका खाजगी नर्सिंग होममध्ये गेली होती. तिथे तपासायच्या आधी कार्ड मागितलं आणि संध्याकाळी सांगितलं, गर्भाशय काढावं लागेल, नाहीतर कॅन्सर होईल. वय तिशीच्या आत. मी तिला मेकाहारात नेलं. साध्या गोळ्यांनी बरी झाली. २०१२ मध्ये राज्यातल्या अशा कितीतरी बायकांची प्रकरणं बाहेर आली, काही डॉक्टरांची नोंदणी स्थगित झाली. ज्यांची पिशवी गेली त्यांची भरपाई कशाने होणार?

आणि २०१४ चा नोव्हेंबर. बिलासपूरजवळच्या शिबिरात एका डॉक्टरने काही तासांत ८३ बायकांची नसबंदी केली. त्या जिल्ह्यातल्या त्या आठवड्यातल्या शिबिरांनंतर १३ बायका गेल्या. वरून आकडा ठरतो, खाली तो भरून द्यायचा असतो, आणि भरायला गरीब बाई सापडते. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा म्हणून सांगितलं. त्या पोरक्या लेकरांचे पेपरातले फोटो मी कापून ठेवले होते. मग बघवेनात म्हणून ट्रंकेत तळाला टाकले.

योजनांची नावं सरकारागणिक बदलत आली. २०२० मध्ये डॉ. खूबचंद बघेलांच्या नावाने साहाय्य योजना आली, गरीब कुटुंबाला पाच लाखांपर्यंत. सरकार बदललं, आता ती शहीद वीर नारायण सिंहांच्या नावाने आहे. दोघंही आमचे थोर, कुणाचंही नाव असो. २०२१ मध्ये स्वस्तात रक्त-लघवी तपासण्याची योजना निघाली तिला राधाबाईंचं नाव मिळालं. आजी असती तर शेजारणींना बोलावून चिवडा-लाडू केले असते.

पण नावापेक्षा मला पगाराचं वाटतं. राधाबाई नगरपालिकेच्या नोकरीत होत्या. गोऱ्यांच्या राज्यात, १९१८ मध्ये, दारोदार जाऊन बाळंतपणं करणाऱ्या बाईचं काम नोकरी मानलं गेलं होतं. आज मितानिन तेच करते, शिवाय लसीकरण, मलेरियाच्या चाचण्या, क्षयाची औषधं, कुपोषित पोरांचं वजन, कोरोनात घरोघरी फिरणं. तिला प्रोत्साहन राशी मिळते, मानधन मिळतं, तेही मागण्यासाठी तिला रायपूरला येऊन रस्त्यावर बसावं लागलं आहे. नियमित कर्मचारी म्हणून तिची नेमणूक नाही. इमारती हव्यातच, कार्डं हवीत, एम्सही हवं. पण रात्री दोन वाजता श्वास कोंडलेलं पोर उचलून जी निघते तिला सरकारने आपली नोकर म्हणावं, नेमणुकीचा कागद द्यावा, म्हातारपणी पेन्शन द्यावी. धोरण ठरवणाऱ्यांकडे माझं एवढंच मागणं आहे, आणि वाचणाऱ्यांनीही ते आपल्या आमदाराकडे करावं.