टिकाऊ रिंग, पण कोणासाठी? माझ्या परत आलेल्या सिनॉप्सिसची गोष्ट

पेट निघाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय, पण विषय पक्का होत नाहीये, असं तुमच्यापैकी बरेच जण कळवत असता. म्हणून आज माझ्या पहिल्या सिनॉप्सिसबद्दल सांगते. तो परत आला होता. विषय होता, जेट स्कीच्या पंपासाठी सर्वांत टिकाऊ वेअर रिंग. चूक कुठे झाली हे कळायला मला पावणेदोनशे वर्षं मागे जावं लागलं.

आधी वस्तू समजून घेऊ. तारकर्लीला किंवा कळंगुटला तुम्ही जेट स्की पाहिली असेल. तिला बाहेर पंखा नसतो. तळाच्या जाळीतून पाणी आत ओढलं जातं, इंपेलर त्याला ढकलतो आणि मागच्या निमुळत्या तोंडातून ते जोरात बाहेर पडतं. इंपेलर जिथे फिरतो तिथे नळीच्या आतून एक कडं बसवलेलं असतं. तीच वेअर रिंग. पात्याचं टोक आणि हे कडं यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही भागाइतकीच असते. ती वाढली की दाबाखालचं पाणी टोकावरून उलटं निसटतं. इंजिन ओरडतं, फेरे वाढतात, पण गाडी जागची हलायला तयार नसते.

सी-डूच्या गाड्यांत हे कडं प्लास्टिकचं असतं आणि बदलता येतं. त्याच मापाचं स्टेनलेस स्टीलचं कडंही बाजारात मिळतं. आता मी पडले एमएस्सी फिजिक्सवाली. झीज म्हटलं की आर्चर्डचं समीकरण आठवणार. १९५३ साली मांडलेलं हे समीकरण सांगतं की झीज भाराच्या आणि घासलेल्या अंतराच्या सम प्रमाणात असते, आणि पदार्थाच्या कठीणपणाच्या व्यस्त प्रमाणात. म्हणजे जितकं कठीण तितकं टिकाऊ. मी स्टील, लेप दिलेलं स्टील, सिरॅमिक अशी यादी केली, पिन-ऑन-डिस्कवर कोरड्या चाचण्यांचं वेळापत्रक जोडलं आणि खुशीत आरएसीसमोर उभी राहिले.

एका सदस्यांनी एकच विचारलं, "टिकाऊ, पण कोणासाठी? रिंगसाठी की इंपेलरसाठी?"

मला उत्तर देता आलं नाही. गाईड मॅडम बाहेर येऊन एवढंच म्हणाल्या, "अगं, हा प्रश्न जुना आहे. आधी कोणी काय केलं ते वाच." वाचन म्हणजे गेल्या पाच वर्षांचे पेपर अशी माझी समजूत होती. मॅडमनी मला १८५४ मध्ये पाठवलं.

त्याआधीच्या वाफेच्या जहाजांना बाजूला मोठी चाकं असत आणि त्यांचा दांडा पाण्याच्या वर असे. १८४० च्या दशकात मागच्या बाजूचा स्क्रू, म्हणजे पाण्याखालचा पंखा, रुळू लागला आणि एक नवीनच दुखणं सुरू झालं. दांडा जहाजाच्या तळातून बाहेर काढायचा तर तिथे बेअरिंग हवं, तेही समुद्राच्या पाण्यात बुडालेलं. ते पितळेचं करत. ते भराभर झिजायचं, दांडा खाली बसायचा, हादरे आणि गळती सुरू व्हायची. ग्रीनिचचे इंजिन बनवणारे जॉन पेन यांनी यावर जे केलं ते मला फार आवडतं. त्यांनी वेगवेगळे धातू आणि लाकडं पाण्यात फिरत्या दांड्यावर दाबून पाहिली. जिंकलं लाकूड! लिग्नम व्हाइटी हे कॅरिबियन भागातलं लाकूड इतकं जड असतं की पाण्यात बुडतं, आणि त्यात राळ भरपूर असते. त्याच्या पट्ट्या मध्ये फटी ठेवून बसवायच्या, म्हणजे फटींतून पाणी खेळतं आणि तेच वंगणाचं काम करतं. १८५४ चं हे पेटंट शंभर वर्षं पुरलं. १९५४ साली पाण्यात उतरलेल्या नॉटिलस या पहिल्या अणुपाणबुडीच्या दांड्यालाही हेच लाकूड होतं.

पितळ लाकडापेक्षा कठीण आहे. माझ्या समीकरणाप्रमाणे पेन चुकायला हवे होते.

दुसरी गोष्ट १९२० च्या दशकातली, कॅलिफोर्नियाच्या खाणीतली. चार्ल्स शेरवुड नावाच्या खाण अभियंत्याच्या पंपाची बेअरिंगं वाळूमिश्रित पाण्याने सारखी खराब होत होती. अडचणीत त्याने रबरी पाइपचा तुकडा बसवला, आणि तो आधीच्या बेअरिंगांपेक्षा कितीतरी जास्त टिकला. का, ते बघा. वाळूचा कण मऊ धातूत रुतला की तिथेच अडकतो आणि कानशीसारखा समोरच्या दांड्याला घासत बसतो. रबर दबतं, कणाला वाट देतं, कण घरंगळत खाचेपर्यंत जातो आणि पाण्याबरोबर निघून जातो. यातूनच पुढे खाचांची रबरी बेअरिंगं आली. आजही असंख्य बोटींत तीच असतात.

इथे थांबून एक फरक लक्षात घ्या, मी तो सुरुवातीला घेतला नव्हता. बेअरिंग सतत घासत असतं. वेअर रिंग मुळात घासायचीच नसते. तिच्यावर वेळ येते ती वाळू, खडा किंवा दोरी आत गेल्यावर, नाहीतर दांडा थोडा हलून पातं टेकल्यावर. त्या क्षणी दोघांपैकी कोणी मार खायचा, हे ठरवण्यासाठी ती असते.

खडा आत येण्याची ही वेळ आली न्यूझीलंडमुळे. तिथे बिल हॅमिल्टन हे आपल्या आयरिशमन क्रीकच्या मेंढपाळीच्या मळ्यावर यंत्रंही बनवायचे. आसपासच्या नद्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या. साधा पंखा दगडावर आपटणारच. १९५० च्या दशकात त्यांनी पंपाचा झोत बोटीच्या तळाखालून न सोडता मागून, पाण्याच्या पातळीच्या वर सोडला. बोटीचा वेग वाढला आणि खाली आपटण्यासारखं काही उरलं नाही. १९६० साली त्यांच्या जेटबोटी कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅन्यनमधून प्रवाहाविरुद्ध वर गेल्या. मात्र दगडांशी भांडण संपलं नाही, ते पंपाच्या आत गेलं. १९६८ ची बॉम्बार्डियरची पहिली सी-डू आणि १९७० च्या दशकातली कावासाकीची जेट स्की यांनी तोच पंप किनाऱ्यावर आणला, जिथे माणूस गुडघाभर पाण्यात गाडी सुरू करतो आणि जाळीखाली निव्वळ वाळू असते.

एवढं वाचून मी मालवणजवळच्या एका मेकॅनिकच्या शेडमध्ये गेले. त्याने काढलेली जुनी प्लास्टिकची रिंग दाखवली. आतून नखभर खोल ओरखडे, पण तिच्यातल्या इंपेलरच्या कडा जवळजवळ शाबूत. शेजारी स्टीलच्या रिंगमधला इंपेलर होता. रिंगला थोडे चरे, पात्यांची टोकं मात्र दुमडलेली. स्टेनलेसवर स्टेनलेस घासलं की दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना चिकटून फाटतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं. हातात धरून पाहिलं ते तेव्हा. खाऱ्या पाण्यात स्टील आणि अॅल्युमिनियम एकमेकांना लागून असले तर अॅल्युमिनियमचं घर खात जातं, ही आणखी एक डोकेदुखी. नवी प्लास्टिकची रिंग त्याने आकसावी म्हणून फ्रीजरमध्ये ठेवली होती, बांगड्यांशेजारी. "रिंग काय, दुपारपर्यंत बदलून देतंय," तो म्हणाला. "इंपेलर गेलो काय सीझन गेलो."

मग स्टील घ्यायचंच नाही का? खोल, स्वच्छ तळ्यात चालवणाऱ्याला किंवा शर्यतवाल्याला फट महिनोन्महिने तेवढीच राहायला हवी असते. त्याने स्टील जरूर घ्यावं. वाळूच्या किनाऱ्यावर दिवसभर भाड्याने फिरणाऱ्या गाडीला मी तरी प्लास्टिकच घेईन आणि फट दर पंधरा दिवसांनी फीलर गेजने मोजेन.

दुसऱ्या सिनॉप्सिसमध्ये 'सर्वांत टिकाऊ' हे शब्द नव्हते. रिंग आणि पातं ही जोडी होती, मध्ये ठरावीक मापाचे वाळूचे कण होते, आणि झीज दोघांची वेगवेगळी मोजायची होती. आर्चर्डचं समीकरणही आहे, पण ते कुठवर चालतं हे तपासण्यासाठी. आरएसीतल्या त्याच सदस्यांनी या वेळी विचारलं, वाळू कुठली घेणार? देवबागची, म्हटलं. सध्या चाळण्या घेऊन तीच चाळत बसलेय.