न आलेले वादळ आणि आलेली वादळे

६ जून १८८२ रोजी मुंबईवर चक्रीवादळ आले, समुद्र शहरात शिरला आणि लाखावर माणसे मेली. जगातील मोठ्या आपत्तींच्या याद्या चाळल्या, तर त्यांत हे विधान तुम्हांला पुन्हा पुन्हा आढळेल. एकाने लिहिले, दुसऱ्याने उतरवून घेतले, तिसऱ्याने त्यावर शिक्का मारला. परंतु श्रोतेहो, हे वादळ आलेच नव्हते.

जरा हिशेब करून पाहा. १८८१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या घरात होती. म्हणजे दर सात-आठ माणसांमागे एक माणूस एका रात्रीत गेला, असे मानावे लागेल. आणि त्याचा गवगवा कुठेच नाही! ‘केसरी’ निघून तेव्हा दीड वर्ष होत आले होते, मुंबईत इंग्रजी-मराठी-गुजराती पत्रे धडाक्याने चालली होती. कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासून उभी होती. वादळाची आगाऊ सूचना बंदरांना द्यायची पद्धत कलकत्त्यात १८६५ साली सुरू झाली आणि १८८० मध्ये ती मुंबई, रत्नागिरी, वेंगुर्ला ह्या आपल्या बंदरांनाही लागू झाली. इतका पहारा बसलेला असताना एवढे मोठे वादळ कोणाच्या नजरेस न पडता निसटून जाईल, हे संभवत नाही. कोलंबिया विद्यापीठाचे अॅडम सोबेल आणि त्यांचे सहकारी ह्यांनी २०१९ साली मुंबईच्या वादळांवर एक निबंध प्रसिद्ध केला. सहकाऱ्यांत पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले संशोधकही होते. १८८२ चे वादळ घडलेलेच नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला आहे.

तुम्ही म्हणाल, एक वादळ यादीतून गळाले तर बिघडले कुठे? बिघडते. मी राहतो ते पाली गाव वसईच्या खाडीच्या दक्षिणेला, उत्तनच्या शेजारी, अगदी समुद्राला लागून आहे. गावचे बहुतेक जुने संसार होडीवर उभे राहिलेले आहेत. अशा गावाला वादळ किती मोठे होते ह्यापेक्षा ते कुठल्या महिन्यात आले, हे आधी कळावे लागते. जूनमध्ये होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, नोव्हेंबरमध्ये त्या खोल पाण्यात असतात. खोट्या वादळाची तारीख जूनची आहे. खऱ्यांच्या तारखा पाहू.

सर्वांत जुनी ठळक हकीकत मे १६१८ ची आहे आणि ती आमच्या समोरच्याच किनाऱ्याची आहे. वसईत तेव्हा पोर्तुगीजांचा अंमल होता. १५ मे रोजी वादळ सुरू झाले, लोक तळघरांत लपून बसले, समुद्र वाऱ्याबरोबर शहरात आला, चर्चची शिखरे उडाली, दोन हजार माणसे मेली, मुंबई बंदरात साठ गलबते बुडाली, असे ती हकीकत सांगते. आकडे थोडे बाजूला ठेवू. त्या काळच्या लेखकाच्या लेखणीला ‘हजार’ हा शब्द फार सहज सुचत असे. पण तिच्यात एक बारीकसा तपशील आहे, तो मला सगळ्या आकड्यांहून मोलाचा वाटतो. आगाशीला वाऱ्याने एक होडी समुद्रातून उचलून एका घरावर आणून आपटली आणि घरातली बाई आणि तिचे मूल दगावले. हा तपशील कोणी शोभेसाठी रचील, असे वाटत नाही.

शिवाय तो काहीतरी सांगतोही. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचा वारा केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. केंद्र आपल्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले, तर आपल्याकडे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. केंद्र उत्तरेला असले, तर तोच वारा समुद्र घेऊन अंगावर येतो. होडी समुद्रातून घरावर आली, म्हणजे त्या घटकेला वारा पश्चिमेचा होता. तेव्हा केंद्र आगाशीच्या जवळपास किंवा थोडे उत्तरेला गेले असावे, एवढा अंदाज चारशे वर्षांनंतरही बांधता येतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ आले, ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. श्रीवर्धन, मुरुडकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि आम्ही मात्र थोडक्यात सुटलो. ते वादळ साठ-सत्तर मैल वर सरकले असते, तर कथा वेगळी झाली असती.

ह्या फिरत्या वाऱ्याला ‘सायक्लोन’ हे नाव कलकत्त्यात बसून हेन्री पिडिंग्टन ह्यांनी दिले. सापाच्या वेटोळ्यावरून ग्रीक भाषेत शोधलेला तो शब्द १८४८ च्या पुस्तकातून खलाशांच्या हाती गेला. पुढे १८६४ साली कलकत्त्यावर भीषण वादळ आले, हजारो माणसे बुडाली, आणि त्या धक्क्यातूनच १८७५ मध्ये हिंदुस्थानचे हवामानखाते उभे राहिले. शास्त्राची वाढ अशी प्रेतांवरून झाली आहे, हे कटू असले तरी खरे आहे.

अमेरिकेतही तेच. मार्च १८८८ मध्ये न्यूयॉर्क आणि भोवतालच्या मुलखावर जबरदस्त हिमवादळ आले. पंडिता रमाबाई त्या वेळी अमेरिकेतच होत्या. वाऱ्याने बर्फाचे ढिगारे घरांच्या मजल्यांपर्यंत चढले, आगगाड्या जागच्या जागी रुतल्या, तारा तुटल्या, चारशेवर माणसे गेली. आदल्या दिवशीचा अंदाज मात्र हवा निवळेल असा होता. पुढे न्यूयॉर्कच्या तारा जमिनीखाली गेल्या आणि १८९१ पासून हवामानाचे काम लष्कराकडून काढून मुलकी खात्याकडे दिले गेले. तिकडच्या अभ्यासकांनी ह्या हिमवादळांची शतकभराची छाननी केली आहे. कोसिन आणि उचेलिनी ह्या दोघांनी २००४ साली त्यांची प्रतवारी लावली, ती बर्फ किती पडला, किती प्रदेशावर पडला आणि तिथे किती माणसे राहत होती, ह्या तिन्हींचा मेळ घालून. मृतांच्या ऐकीव आकड्याला त्या मापात थाराच नाही. आपल्या किनाऱ्याला असे एखादे माप हवे होते.

त्याच १८८८ सालच्या नोव्हेंबरात ‘वैतरणा’ ही आगबोट कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघाली आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यापाशी वादळात नाहीशी झाली. बोटीवर विजेचे दिवे होते, म्हणून लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. सातशेच्या वर उतारू होते. एकही परतला नाही, बोटीचा सांगाडाही हाती लागला नाही.

आता महिने बघा. १ नोव्हेंबर १८५४: मुंबईवर काही तासांचे वादळ, हजारभर माणसे मेल्याची नोंद. ‘वीजळी’: नोव्हेंबर. मुंबईला थेट हादरवणारे वादळ: २१-२२ नोव्हेंबर १९४८. ‘फयान’: ११ नोव्हेंबर २००९, अलिबाग आणि मुंबई ह्यांच्या दरम्यान ते किनाऱ्यावर चढले आणि कोकणातल्या कित्येक होड्या परत आल्या नाहीत. मे-जूनच्या वादळांना मी कमी लेखीत नाही. १७ मे २०२१ ला ‘तौक्ते’ गुजरातकडे जाता जाता बॉम्बे हायजवळ कामगारांनी भरलेला तराफा बुडवून गेलेच. पण मासेमारीची बंदी असते १ जून ते ३१ जुलै. नारळी पौर्णिमेनंतर दर्या मोकळा होतो, पाऊस सरतो, आकाश निवळते, आणि नाखवा निश्चिंत मनाने लांबवर जातो. नेमक्या त्याच हंगामात अरबी समुद्र पुन्हा एकदा तापलेला असतो.

लोकांच्या आठवणीत मात्र पहिले नाव येते ते ‘रामदास’ बोटीचे. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्याहून रेवसला जाताना सहाशेवर माणसे बुडाली. पण ते चक्रीवादळ नव्हे, ऐन पावसाळ्यातला खवळलेला दर्या होता. दु:ख तेवढेच असले तरी इतिहासाच्या वहीत दोन्ही एका रकान्यात घालता येत नाहीत.

मग ह्या किनाऱ्याच्या वादळांची खरी यादी करायची कशी? वेधशाळेची दप्तरे आहेत, बंदरखात्याची आहेत, जुनी वर्तमानपत्रे आहेत. माझ्या वर्गातली किनाऱ्यावरची मुले चर्चच्या मृत्युनोंदींच्या वह्यांचे नाव हटकून घेतात. साधन चांगले आहे. नोव्हेंबरातल्या एखाद्या आठवड्यात नोंदी एकदम वाढल्या, तर कान टवकारावे. फक्त एक अडचण राहते, आणि ती सोडवायचा मार्ग मला अजून दिसलेला नाही. त्या वह्या पुरलेल्यांच्या आहेत. समुद्राने जो परत दिलाच नाही, त्याचे नाव त्यांत कुठल्या तारखेला शोधायचे?