ग्रँड कॅन्यन: नकाशात न दिसणारी वाट

आज आपण जाणार आहोत अमेरिकेत, ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या ग्रँड कॅन्यनमध्ये. फोटो तुम्ही पाहिलेच असतील. आजचा प्रश्न वेगळा आहे. जिथे पायवाटच नाही, तिथे दरीच्या काठावरून खाली नदीपर्यंत माणूस पोचतो कसा?

सुरुवात 1540 पासून करू. कोरोनाडोच्या स्पॅनिश मोहिमेतला सरदार कार्देनास होपी वाटाड्यांसोबत या काठावर आला. वरून कोलोरॅडो नदी जेमतेम सहा फूट रुंद वाटत होती. तीन दिवस त्यांनी काठाने उतार शोधला. शेवटी तिघे चपळ गडी खाली निघाले आणि दुपारी चारच्या सुमारास परत आले. किती उतरले होते? फक्त एक तृतीयांश! वरून पुरुषभर उंच दिसणारे खडक सेव्हियाच्या मोठ्या मनोऱ्याहून उंच निघाले, असं त्यांनी सांगितलं. त्यात पाण्याची टंचाई. सगळे माघारी फिरले.

आता गंमत बघा. होपी लोक मीठ आणायला याच दऱ्यांत उतरायचे. म्हणजे वाट होती! पाहुण्यांना ती मुद्दाम दाखवली नसावी, असं काही अभ्यासकांना वाटतं.

मग अडतं कुठे? ही दरी दीड किलोमीटरहून खोल आहे आणि तिचे थर जिन्यासारखे आहेत. मऊ खडकाचा उतार होतो, कठीण खडकाचा उभा कडा. यातला सगळ्यात त्रासदायक थर म्हणजे 'रेडवॉल' चुनखडक, साधारण 500 फुटांची भिंत. खडक मुळात राखाडी. वरच्या थरांतलं लोह पाण्याबरोबर ओघळून तो लाल झालाय. बहुतेक ठिकाणी ही भिंत उतरताच येत नाही. पण कुठे दरड कोसळलेली असते, कुठे खडक तुटून सरकलेला असतो, आणि तिथे फट पडते. सह्याद्रीत आपण जिला नाळ म्हणतो, तसंच काहीसं. ती सापडली तर नदी गाठता येते. नाही सापडली तर पुढची कित्येक मैल लांब, आणि मधल्या प्रत्येक घळीला वळसा. बाटलीतलं पाणी तोवर थांबत नाही.

या फटी चिकाटीने शोधणारा माणूस होता गणिताचा प्राध्यापक. हार्वी बुचार्ट 1945 मध्ये फ्लॅगस्टाफच्या कॉलेजात शिकवायला आला आणि पुढची चाळीसेक वर्षं सुट्टी मिळाली की कॅन्यनमध्ये उतरला. एकूण चाल सुमारे 12,000 मैल. काठापासून नदीपर्यंतच्या शंभराहून जास्त वाटा त्याने तपासल्या. आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवली, हजाराहून जास्त टाइप केलेली पानं! मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस, त्यामुळे या नोंदी मला फार जवळच्या वाटतात. कुठून वाट जाते याइतकंच, कुठे अडते हेही त्यांत आहे. 1963 मध्ये कॉलिन फ्लेचर तेव्हाच्या राष्ट्रीय उद्यानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दरीतून चालत गेला, तोही आधी बुचार्टचा सल्ला घेऊनच.

पण बुचार्टला फक्त हिरो करू नका. 1955 मध्ये हवा भरलेल्या गाद्यांवरून नदी ओलांडताना त्याच्यासोबतचा एक तरुण विद्यार्थी बुडून गेला. शिवाय त्याचं पुस्तक फार त्रोटक आहे. त्याची एका दिवसाची चाल अनेकांना दोन दिवस पुरते. आणि तो 'पहिला' तर नव्हताच. मार्बल कॅन्यनमध्ये नदीच्या वर, कड्याच्या खाचेत आडवे टाकलेले जुने ओंडके अजून दिसतात. प्राचीन पुएब्लो लोकांनी केलेला तो पूल आहे.

आज आपल्या हातात जीपीएस आहे. निळा ठिपका तुम्ही कुठे आहात ते बरोबर सांगतो. पण नकाशावरच्या दोन उंची-रेषांच्या मध्ये वीस फुटांचा कडा सहज लपतो, आणि वाट बंद व्हायला वीस फूट पुरतात. पुढे जाता येईल का, हे तिथून आधी गेलेला माणूसच सांगू शकतो.

म्हणून कुणी आडवाटेचा ट्रॅक फोनवर पाठवला, तर डाउनलोड करण्याआधी चार प्रश्न विचारा. कधी गेला होतास? पाणी कुठे मिळालं? किती तास लागले? आणि कुठून परत फिरावं लागलं? शेवटचं उत्तर सगळ्यात नीट ऐका.

चला, भेटू पुढच्या भागात!