विहीर, घोडा आणि जेवणानंतरची साखर

उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. मराठीत आल्यावर हाच शब्द लाल मातीच्या आखाड्यात शिरला. मधुमेहाचा इतिहास वाचताना मला मराठीचा अर्थ जास्त कामाचा वाटतो.

सुश्रुतसंहितेत प्रमेहाच्या रुग्णाला लांब पायी चालायला, इतकेच नव्हे तर विहीर खणायलाही सांगितले आहे. कुदळ मारणे आणि माती उपसणे हा वजनाचाच व्यायाम! इब्न सीना (मृत्यू १०३७) यांनी ‘अल-कानून’मध्ये व्यायामावर स्वतंत्र लिहिले. त्यात कुस्तीही आहे. मात्र भरल्या पोटी व्यायाम त्यांना मान्य नव्हता.

स्नायू साखरेचे काय करतो, हे दाखवले एका घोड्याने. १८८७ मध्ये फ्रान्सच्या शोव्हो आणि कॉफमान यांनी घोड्याच्या वरच्या ओठाच्या स्नायूत जाणारे आणि तिथून बाहेर येणारे रक्त तपासले. घोडा स्वस्थ उभा असताना स्नायू थोडी साखर घेई. चारा खाऊ लागला की कितीतरी जास्त. इन्सुलिन सापडायला तेव्हा चौतीस वर्षे बाकी होती. पुढे १९२६ मध्ये लंडनच्या डॉ. लॉरेन्स यांनी, जे स्वतः मधुमेही होते, व्यायामाने इन्सुलिनचा परिणाम वाढतो हे नोंदवले.

खरा उलगडा १९८० च्या दशकाअखेरीस झाला. स्नायूच्या पेशीत साखर आत घेणारे ‘ग्लुट-४’ नावाचे प्रथिन असते. इन्सुलिन त्याला पेशीच्या पृष्ठभागावर आणते. स्नायू आकुंचन पावला तरी ते वर येते, आणि त्यासाठी इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाही. टाइप २ मधुमेहात पहिली वाट अडते, दुसरी बरीचशी शाबूत राहते. जेवणानंतर व्यायाम केला, तर रक्तात चढलेली साखर मांड्या-पाठीचे मोठे स्नायू याही वाटेने ओढून घेतात.

तरीही वजने उचलणे डॉक्टरांच्या सल्ल्यात उशिरा आले. रक्तदाब वाढेल ही धास्ती होती. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने २००६ मध्ये आठवड्यातून तीनदा ते करायला सुचवले. आपल्याकडे अजून ‘चाला’ एवढेच सांगतात. गुडघे धरलेल्या बाईने काय करावे? खुर्चीत बसून पाण्याच्या बाटल्या उचलता येतात, भिंतीवर हात टेकून जोर काढता येतात. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, किंवा डोळ्यांच्या पडद्याला इजा असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचे.