सव्वासातचा पाढा

त्रैराशिक शिकवताना मी वर्गात सायकलच्या दातेरी चक्रांचं उदाहरण देत असे. दाते मोजून झाले की एखादा विचारायचाच, "सर, मागचं चक्र छोटं लावलं तर सायकल जास्त पळेल?" पळेल, पण चढावर दमवेल, हे माझं ठरलेलं उत्तर. फोर्डच्या जुन्या टीटी ट्रकविषयी वाचताना लक्षात आलं, की ते उत्तर अर्धंच होतं.

फोर्डची मॉडेल टी मोटार अमेरिकेत १९०८ साली आली. तिच्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये ११ दात्यांचं पिनियन ४० दात्यांचं क्राउन व्हील फिरवी. म्हणजे वरच्या गिअरमध्ये इंजिनाचे ३.६४ फेरे, तेव्हा चाकाचा एक. माणसांसाठी हे ठीक, टनभर मालासाठी नाही. लोक बाहेरचे संच जोडून याच मोटारीचे ट्रक करू लागले. मग १९१७ साली फोर्डनेच एकटनी टीटी काढला. इंजिन तेच, २० अश्वशक्तीचं. सांगाडा लांब केला आणि अ‍ॅक्सलमध्ये मळसूत्रासारखा वर्म गिअर बसवला, प्रमाण ७.२५. ओढ जवळपास दुप्पट झाली, वेग निम्म्यावर आला. ताशी १५ मैलांपुढे जाऊ नये अशी सूचना होती. ज्यांना घाई, त्यांच्यासाठी ५.१७ चा संच मिळे. त्याची मर्यादा २२ मैल.

असा ट्रक आज हाती आला तर आत कोणता संच आहे हे कसं ओळखायचं? इग्निशन बंद, गाडी वरच्या गिअरमध्ये, एक मागचं चाक जॅकवर, बाकीच्या चाकांना उटी. उचललेल्या चाकावर खडूची खूण करून पुढचं हँडल हळूहळू फिरवायचं. दुसरं चाक जमिनीवर अडलेलं असल्यामुळे डिफरन्शियल या चाकाला दुप्पट फिरवतं. म्हणून त्याच्या दोन फेऱ्यांना हँडलचे किती फेरे लागले ते मोजायचं. सव्वासात आले तर सावकाश संच, पाचाच्या जरा पुढे आले तर जलद. घाईत एकाच फेऱ्याला मोजलं तर उत्तर ३.६२ येतं, जणू मोटारीचाच अ‍ॅक्सल! परीक्षेच्या वह्यांत अशी फसवी उत्तरं मी पुष्कळ पाहिली आहेत.

आजच्या रस्त्यावर १५ मैलांनी जाणं अवघड, म्हणून जलद संच लावायचा मोह होतो. वर्म आणि त्याचं चाक जोडीनेच बदललं की झालं, असं वाटतं. पण टीटीचा पायब्रेक चाकांवर नसतो. तो गिअरबॉक्समधल्या ड्रमवर पट्टा आवळतो आणि ती पकड अ‍ॅक्सलमधून चाकांपर्यंत जाताना सव्वासात पट होते. ५.१७ लावला की पाय तोच, पट्टा तोच, पण चाकावरची पकड सुमारे २९ टक्क्यांनी कमी. वेग मात्र ४० टक्के जास्त, आणि थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. उतारावर इंजिन जे धरून ठेवतं, तेही तेवढंच घटतं.

म्हणजे सव्वासात हा आकडा केवळ ओढण्याचा नव्हता, थांबण्याचाही होता. संच बदलायचाच असेल तर आधी मागच्या चाकांना चांगले ब्रेक बसवावेत. आणि काढलेला जुना संच भंगारात घालू नये. ग्रीस लावून, फडक्यात गुंडाळून ट्रकबरोबरच ठेवावा. त्या काळचे रस्ते आणि ओझी कशी होती, हे त्या दात्यांत लिहिलेलं आहे.

आज तो प्रश्न कोणी विचारला तर मी म्हणेन, "पळेल बाळा. पण थांबायचं कसं, तेही मांडून दाखव."