आमचा शत्रु कोण? — एका प्रार्थनेचा इतिहास

आमच्या देवळाच्या ज्युबिलीच्या या आनंदप्रसंगीं मागें वळून पाहतांना एका लहानशा प्रार्थनेचें स्मरण करणें आम्हांस उचित वाटतें. वयोवृद्ध भाविकांच्या कानांत ती अद्याप असेल. गायनाविना होणारी साधी मिस्सा संपली कीं, पाद्री वेदीच्या पायरीशीं गुडघे टेंकीत, लोक तीन वेळां नमो मरिया म्हणत, आणि शेवटीं महादूत सेंट मायकल यानें युद्धांत आमचें रक्षण करावें अशी विनवणी होई. माणिकपूर व माहीम येथील देवळें याच महादूताच्या नांवाचीं आहेत. परंतु हें युद्ध कोणतें व त्यांतील शत्रु कोण, याचा विचार करणारे थोडेच.

या प्रार्थनांचा उगम खरोखरीच्या रणधुमाळींत झाला. १८५९ सालीं पोपांचें ऐहिक राज्य धोक्यांत आलें, तेव्हां पोप नववे पायस यांनीं आपल्या राज्यांतील देवळांत मिस्सेनंतर खास प्रार्थना करण्याची आज्ञा केली. १८७० सालीं इटलीच्या सैन्यानें रोम घेतलें व तें राज्य लयास गेलें. मनुष्याच्या हिशेबानें पाहतां प्रार्थना वायां गेली. तथापि पोप तेरावे लिओ यांनीं ती टाकिली नाहीं. १८८४ सालीं त्यांनीं ती सर्व जगांतील ख्रिस्तसभेस लावून दिली, आणि १८८६ सालीं तींत पाप्यांच्या परिवर्तनाची मागणी व सेंट मायकलची प्रार्थना घातली. लिओ यांस भयंकर दृष्टांत झाल्यावरून ही प्रार्थना रचिली, अशी एक कथा आहे. परंतु १९०३ सालीं ते निवर्तल्यावर बऱ्याच वर्षांनीं ती छापून आली, म्हणून तिजवर आम्ही भिस्त ठेवीत नाहीं. मुख्य गोष्ट निराळीच आहे. रोम घेणाऱ्या राजाचें वा सेनापतीचें नांव त्या प्रार्थनेंत नाहीं. शत्रु म्हणून नांव आहे तें सैतानाचें. मनुष्यासाठीं मागितलें आहे तें परिवर्तन.

१९२९ च्या लॅटरन करारानें रोमचा तंटा मिटला. पुढल्याच वर्षीं पोप अकरावे पायस यांनीं त्याच प्रार्थना रशियासाठीं करावयास सांगितलें. छळ करणाऱ्या राज्यकर्त्यांचा नाश त्यांनीं मागितला नाहीं. तेथील जनतेस शांति व धर्मस्वातंत्र्य लाभावें, एवढेंच मागितलें. १९६५ सालीं मिस्सेनंतरच्या या प्रार्थना बंद झाल्या. परंतु १९९४ सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं सेंट मायकलची प्रार्थना विसरूं नका, असें भाविकांस पुन्हां सांगितलें.

हा मार्ग ख्रिस्तसभेच्या पहिल्या रक्तसाक्ष्यानेंच घालून दिला आहे. संत स्तेफान धोंड्यांखालीं मरत असतां मारणाऱ्यांसाठीं क्षमा मागत होता. त्या मारेकऱ्यांचीं वस्त्रें राखीत शौल नांवाचा तरुण उभा होता. तोच पुढें संत पौल झाला, आणि आपलें युद्ध रक्तमांसाच्या मनुष्यांशीं नव्हे, असें त्यानेंच एफेसकरांस लिहिलें. स्तेफानानें ती प्रार्थना केली नसती, तर ख्रिस्तसभेस पौल लाभला नसता, असें संत ऑगस्टीन सांगतात. तो शाप देता, तर कोणास शाप देता हें आम्हांस इतिहासच सांगतो.

बंधुभगिनींनो, ज्याच्याशीं आमचा बांधाचा तंटा आहे, ज्या भावाशीं वर्षानुवर्षें बोलणें नाहीं, त्याचें नांव जपमाळ हातीं घेतांच मनांत येतें. तें येऊं द्यावें. पण त्याच्या नाशासाठीं नव्हे, तर त्याच्या कल्याणासाठीं देवापुढें ठेवावें. सेंट मायकलच्या मूर्तींत पायांखालीं सैतान आहे. त्या जागीं शेजाऱ्यास घालण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिलेला नाहीं.